सहा फुटी स्टिक आणि सरांची करवत

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो, "हा आंबे काढायचा झेला आहे का?" नाही हो! मी एक जुनी लॅक्रॉसची स्टिक आहे. सहा फूट लांब अ‍ॅल्युमिनियमचा दांडा, टोकाला प्लॅस्टिकचे डोके आणि त्या डोक्यात विणलेली जाळी, असे माझे रूप आहे. लॅक्रॉसमध्ये चेंडू या जाळीतच झेलायचा, जाळीत सांभाळत पळायचे आणि जाळीतूनच तो गोलात भिरकावायचा. पुढे खेळणाऱ्यांच्या स्टिक आखूड असतात, बचाव करणाऱ्यांच्या लांब. मी बचावाची. माझ्या उंचीचा मला गर्व आहे आणि तो लपवायची मला गरजही वाटत नाही. याच उंचीवर एकदा करवत फिरता फिरता राहिली. ती गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. सांगलीहून तिकडे शिकायला गेलेल्या श्रीपादने मला विकत घेतले. लॅक्रॉस हे खेळाचे नाव आहे की औषधाचे, हेसुद्धा त्या बिचाऱ्याला विमानातून उतरेपर्यंत ठाऊक नव्हते. पण माझ्यावर त्याचा जीव जडला. आम्ही दोघांनी भल्याभल्यांना पाणी पाजले. सामना जिंकला की मित्र त्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि तो माझ्या दांड्यावर. काय ते दिवस होते!

शिक्षण संपल्यावर श्रीपाद मला घेऊन भारतात आला. त्याचा मोठा भाऊ सत्यजित लखनौच्या एका संशोधन संस्थेत वनस्पतींचा शास्त्रज्ञ आहे. त्याच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या घरी श्रीपाद काही दिवस राहिला आणि नोकरीसाठी बंगळुरूला गेला. "वहिनी, स्टिक इथेच राहू दे, पुढच्या खेपेला नेतो," असे जाताना म्हणाला. मित्रांनो, ती पुढची खेप अजून यायची आहे!

मग माझे हाल सुरू झाले. मला माळ्यावर टाकले. दिवाळी आली की डोक्याला फडके बांधून माझ्याकडून कोळिष्टके काढून घेत. माझी जाळी उंदरांनी कुरतडली. वहिनी, म्हणजे सत्यजितची बायको स्वप्ना, एकदा मला निरखून म्हणाली, "अगं बाई, हा तर आयता झेला आहे!" तिने फाटक्या जाळीच्या जागी कांद्याच्या पिशवीचा तुकडा शिवला आणि अंगणातल्या दशहरीचे आंबे माझ्याकडून उतरवून घेऊ लागली. भल्याभल्यांचे गोल अडवणारी मी, आणि माझ्या पदरात पडत होते पिकलेले आंबे! मला फार अपमान वाटायचा. पण खरे सांगू का? एकही आंबा मी कधी जमिनीवर पडू दिला नाही.

माझे नशीब उघडले ते राजसमुळे. राजस हा स्वप्ना आणि सत्यजितचा मुलगा, अकरावीत शिकणारा, उंच आणि अबोल. जन्म लखनौचा, त्यामुळे घरात आई मराठीत बोलणार आणि हा हिंदीत उत्तर देणार, असा सगळा कारभार. एके दिवशी तो शाळेतून धावतच आला.

"आई, वो आमवाला डंडा कहाँ है?"

"माळ्यावर. कशाला रे? आंबे तर संपले."

"अरे आई, वो आम का डंडा नहीं है! हमारे स्कूल में लॅक्रॉस शुरू हुआ है. हमारे कोच विजय सर ने फोटो दिखाया, बिल्कुल वही है!"

त्याने मला खाली काढले, कांद्याची पिशवी उसवली, काकाला फोन करून विचारत विचारत नवी जाळी ओवली आणि ओल्या फडक्याने मला पुसून लख्ख केले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मैदानात होते. तेलीबागच्या पुढे शाळेचे मोठे मैदान आहे. तिथल्या गवताचा वास नाकात गेला आणि, मला नाक नाही हे क्षणभर विसरून, मी आनंदाने शहारले.

राजस बघता बघता पक्का बचावपटू झाला. समोरच्याच्या चेंडूकडे न बघता त्याच्या कमरेकडे बघायचे, आपण आधी हलायचे नाही, तो वळला की नेमके मला पुढे करायचे, हे त्याच्या अंगी बाणले. शाळेच्या संघात लांब स्टिक मी एकटीच. मुले मला "राजस की दीवार" म्हणत. मी हवेत होते!

आणि इथेच माशी शिंकली. संघात यश नावाचा मुलगा होता. त्याचे वडील रेल्वेत इंजिनिअर. त्यांची झाशीला बदली झाली आणि यश आपली आखूड स्टिक घेऊन निघून गेला. संघाचे फेस-ऑफ तोच घ्यायचा.

फेस-ऑफ म्हणजे काय ते सांगते. खेळ सुरू करताना आणि प्रत्येक गोलनंतर चेंडू मैदानाच्या मधोमध जमिनीवर ठेवतात. दोन्ही संघांचा एकेक खेळाडू समोरासमोर खाली वाकतो आणि आपली स्टिक चेंडूला भिडवून जमिनीवर टेकवतो. पंच "सेट" म्हणतात. सगळे स्तब्ध होतात. मग शिट्टी! शिट्टी वाजताच जो आधी चेंडू दाबून ओढून घेईल, त्याच्या संघाचा चेंडू. आणि शिट्टीच्या आधी हललात, तर चेंडू फुकटात दुसऱ्याला.

विजय सरांनी सगळ्या मुलांवरून नजर फिरवली आणि ती राजसवर थांबली. "फेस-ऑफ अब तू लेगा."

"सर, मैं तो डिफेंडर हूँ."

"तो क्या डिफेंडर के घुटने नहीं होते? चल, बैठ."

मित्रांनो, काय सांगू! पहिल्याच सरावात आमची पार दाणादाण उडाली. चेंडू प्रत्येक वेळी दुसऱ्याकडे. राजस शिट्टी झाल्यावरही समोरच्याच्या कमरेकडे बघत बसायचा, आणि तेवढ्यात चेंडू पसार! सर वैतागले. खिशातून लाल टेप काढून त्यांनी माझ्या दांड्यावर, जवळजवळ मध्यावर, एक वेढा मारला.

"यहाँ से काट देंगे. इतना लंबा डंडा लेकर फेस-ऑफ कौन लेता है? छोटा डंडा, तेज हाथ."

राजसचा चेहरा उतरला. दुसरी आखूड स्टिक शिल्लक नव्हती आणि नवी मागवायला वेळ नव्हता. लखनौच्या शाळांची फायनल रविवारवर आली होती. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. "सर, ये काका की है," तो चाचरत म्हणाला. "कट गई तो मैं डिफेन्स कैसे करूँगा? एक बार फायनल में इसी से लेने दीजिए."

सरांनी डोके खाजवले. "ठीक है. पहला हाफ तेरा. नहीं हुआ तो हाफ टाइम में कटेगी. आरी मैं साथ लाऊँगा."

लाल टेपच्या खालचा माझा अर्धा भाग ती सगळी रात्र गार पडला होता.

दुसऱ्या दिवशी राजसची आई त्याला स्कूटरवरून घ्यायला मैदानावर आली आणि कडेला उभी राहून सराव बघू लागली. घरी येताच ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तू बघत काय बसतोस रे? ऐकत का नाहीस?"

"मतलब?"

"मतलब असा, की मी सांगली जिल्ह्याकडून खो-खो खेळले आहे. खो मागून मिळतो. डोळ्यांनी दिसत नाही तो, कानांनी घ्यावा लागतो. कानावर पडला की उठायचं. विचार करून उठलं, की गडी गेला! चल गच्चीवर."

आणि मग गच्चीवर जी धमाल सुरू झाली! शिट्टी वाजवायची सोय नव्हती, कारण शिट्टी ऐकली की कॉलनीचा चौकीदार धावत यायचा. म्हणून आई राजसच्या मागे उभी राहून म्हणायची, "सेट..." आणि मग कधी लगेच, कधी बराच वेळ ताटकळत ठेवून ओरडायची, "खो!" समोर चेंडूला पोछ्याची काठी भिडवून बाबा बसायचे. शास्त्रज्ञ माणूस, पण हरला की लहान मुलासारखा तक्रार करायचा. "स्वप्ना, तू त्याला आधी डोळ्याने खुणावतेस!"

"अहो, मी त्याच्या पाठीमागे उभी आहे! पाठीला डोळे आहेत का त्याच्या?"

राजस हसून गडबडा लोळायचा. आणि हसता हसता तो शिकला. "खो" कानावर पडायचा अवकाश, की त्याचे मनगट फिरे आणि चेंडू माझ्या जाळीखाली! बाबांची पोछ्याची काठी जागच्या जागी राही. मला तर वाटू लागले, की करवत सरांच्या बॅगेतच गंजून जाणार.

रविवार उजाडला. समोर हजरतगंजच्या बाजूच्या एका शाळेचा संघ होता. त्यांचे फेस-ऑफ घेणारा अदनान म्हणजे चपळ मुलगा, हात असे की नजर ठरू नये. मैदानाच्या कडेला पालकांची गर्दी होती. राजसची आई सगळ्यांत पुढे. आणि बाकावर सरांची बॅग, तिच्यातून डोकावणारे करवतीचे पाते. मी तिकडे न बघायचे ठरवले.

पहिला फेस-ऑफ. राजस वाकला, मी जमिनीला टेकले. समोर अदनान. पंच म्हणाले, "सेट!" सारे मैदान चिडीचूप. आणि त्या शांततेत कडेवरून खणखणीत आवाज आला...

"खो!"

आईच्या तोंडून निघून गेले होते. रोजची सवय! आणि रोजच्याच सवयीने राजसने मला गर्रकन फिरवले. चेंडू आमच्याकडे आला, पण शिट्टी वाजलीच नव्हती. पंचांनी हात वर केला, चेंडू अदनानच्या संघाला दिला आणि पुढच्याच मिनिटाला आमच्यावर गोल झाला.

आईने दोन्ही हातांनी तोंड झाकले. तिच्या डोळ्यांत पाणी आले. राजसने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यानंतर तो पुन्हा चूक होईल म्हणून इतका घाबरला, की शिट्टी वाजल्यावरही खात्री करून मगच हलू लागला. अदनानने फेस-ऑफमागून फेस-ऑफ नेले. मध्यंतर झाले तेव्हा आम्ही तीन गोलांनी मागे होतो.

सर तडक बाकापाशी गेले. त्यांनी करवत काढली, मला बाकावर आडवे ठेवले आणि पाते लाल टेपवर टेकवले. मित्रांनो, पात्याचा तो गारवा मी अजून विसरलेले नाही!

"सर, रुकिए!" आई धावत आली. "गलती मेरी है, बच्चे की नहीं. मैं उधर पेड़ के पीछे खड़ी हो जाती हूँ."

"मॅडम, गलती किसी की भी हो, फेस-ऑफ तो चाहिए ना."

राजस मात्र माझ्याकडे एकटक बघत होता, दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एकाएकी तो म्हणाला, "सर, अदनान हर बार गेंद दबाकर अपने बाएँ निकलता है. निकलने से पहले उसकी कमर मुड़ती है. मैंने देखा है."

"तो?"

"तो उसे दबाने दीजिए! मुझे गेंद नहीं छीननी. मुझे बस उसको निकलने नहीं देना है. ये तो मेरा रोज का काम है, सर!"

सरांनी करवत उचलली, पण ठेवून दिली नाही. "एक मौका. सिर्फ एक."

दुसऱ्या सत्राचा पहिला फेस-ऑफ. आई खरोखरच लांब झाडापाशी जाऊन उभी राहिली होती, ओढणीचे टोक दातांत घट्ट धरून. शिट्टी वाजली. अदनानने विजेसारखा चेंडू दाबला. राजसने दाबू दिला! अदनानची कमर डावीकडे वळली, त्याने चेंडू जाळीत घेतला आणि तो सुसाट निघाला. आखूड स्टिक असती तर तो हाताबाहेर गेलाच होता. पण मी आहे सहा फूट! राजसने हात लांबवला, मी सरळ पुढे गेले आणि माझे टोक त्याच्या स्टिकवर खाडकन बसले. चेंडू टुणकन उडाला आणि मागून धावत आलेल्या आमच्या आशिषने तो अलगद उचलला. गोल!

सर बाकावरून उठलेच. "अरे वाह! फिर से कर, फिर से!"

मग काय विचारता! अदनान दाबायचा, वळायचा, पळायचा आणि मी पोचायचे. कधी तो निसटायचा, कधी आम्ही पकडायचो, पण आता चेंडू फुकट जात नव्हता. एकेक गोल भरून निघाला. वेळ संपली तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. आता जादा वेळ, आणि जो पहिला गोल करेल तो जिंकला. म्हणजे सगळे एका फेस-ऑफवर आले.

दोघेही खाली वाकले. अदनानचा श्वास मला ऐकू येत होता. तो हुशार मुलगा. माझ्या टोकाचा त्याने आता धसका घेतला होता. त्याची नजर चेंडूवर नव्हती, माझ्या दांड्यावर होती. या वेळी घाई करायची नाही, राजस काय करतो ते बघायचे आणि मग निघायचे, असे त्याने ठरवलेले दिसत होते.

"सेट!"

पंचांनी ताटकळत ठेवले. गच्चीवर आई ठेवायची तसेच. झाडापाशी आईने डोळे मिटून घेतले होते, ओढणी दातांत. मैदानावर पानसुद्धा हलत नव्हते.

शिट्टी!

राजसने पाहिले नाही, विचार केला नाही. आवाज कानावर पडला आणि त्याचे मनगट फिरले. अदनान अजून माझ्याकडे बघतच होता, तोवर चेंडू माझ्या जाळीखाली होता! राजसने तो ओढला, उचलला आणि बचावपटू असूनही तो माझ्यासह मैदान कापत पळत सुटला. अदनान मागे धावला, पण चेंडू माझ्या वरच्या टोकाशी, त्याच्या हाताच्या कितीतरी पुढे. "आशिष!" राजस ओरडला. मी जाळी झुकवली, चेंडू आशिषकडे गेला आणि आशिषने तो गोलात मारला.

जिंकलो! मित्रांनो, आम्ही जिंकलो! पोरांनी राजसला खांद्यावर घेतले आणि राजसने मला. झाडापाशी आईने अखेर ओढणी तोंडातून सोडली आणि मघापासून अडवून धरलेले सगळे "खो" एकदमच ओरडून टाकले. आसपासच्या लोकांना काही कळेना, तरी तेही टाळ्या वाजवू लागले.

अदनानने येऊन राजसशी हात मिळवला. मग मला हातात घेऊन उलटसुलट पाहत म्हणाला, "यार, ये आम तोड़ने वाला डंडा लाए कहाँ से?"

"आम ही तोड़ता था," राजस म्हणाला, आणि दोघे पोट धरून हसले. मला अजिबात राग आला नाही. सरांनी माझ्यावरचा लाल टेप सोलायला नख लावले, तेव्हा राजसने त्यांचा हात धरला. "रहने दीजिए, सर." म्हणून तो टेप अजून माझ्या अंगावर आहे.

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. राजस शिकायला रुडकीला गेला. जायच्या आदल्या संध्याकाळी त्याने मला धुतले, नवी जाळी ओवली, जुना टेप सुटू नये म्हणून कडा दाबल्या आणि आईला चक्क मराठीत सांगितले, "आई, हिला माळ्यावर टाकू नकोस." तिने टाकले नाही. मी दिवाणखान्याच्या दाराशी उभी असते. कधी कधी मैदानाची फार आठवण येते, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू अडगळीत पडली असेल. तिच्यावरची धूळ पुसा, तिचा काय उपयोग होता ते घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि एखादी गोष्ट तुमच्या कामाला लांब वाटली, तर ती कापण्याआधी कुठवर पोचते तेवढे एकदा जरूर बघा.

उन्हाळ्यात मात्र मला उसंत नसते. आई मला घेऊन अंगणातल्या दशहरीखाली जाते. पिकलेला आंबा हेरते, माझी जाळी त्याच्याखाली धरते आणि देठ सुटायची वाट बघत थांबते. गल्लीत चिटपाखरू नसते. आता तिला ओढणी दातांत धरायचे कारण नाही. आंबा देठातून सुटला, की ती हळूच म्हणते, "खो," आणि मी तो झेलते.